सोवळ्यातली शेकपिशवी

रबर म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मोहनरावांना बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत कोणी विचारला नव्हता. तो त्यांना एकोणीसशे चौतीस सालच्या पौषात, इंदापूरला आप्पासाहेबांच्या माजघरात, रंगूआत्यांनी विचारला.

"झाडाचा चीक असतो, आत्याबाई," मोहनराव म्हणाले. "तो वाळवायचा, त्यात गंधक घालायचा..."

"कुठल्या झाडाचा?"

"आपल्याकडे होत नाही ते. मलायात होतं."

"आणि तो चीक काढतं कोण?"

चीक कोण काढतं हे त्यांना माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर ती रबरी पिशवी होती त्याहून अधिक ओवळी झाली असती.

आप्पासाहेब हे कालव्याच्या खात्यातले पेन्शनर ओव्हरसियर. विधवा थोरल्या बहिणीची कंबर थंडीत धरते म्हणून त्यांनी पुण्याहून गरम पाण्याची रबरी पिशवी मोठ्या हौसेनं आणली होती. रंगूआत्यांनी ती एकदा लांबूनच हुंगली, "चामड्याचा वास येतो" असा निकाल दिला आणि तिची रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर केली. तेव्हापासून ती पिशवी म्हशीच्या डोक्याशी लोंबत होती आणि आत्या रात्रभर कण्हत होत्या.

मोहनराव त्या घरी आले होते ते मात्र कंबर बघायला नव्हे, मुलगी बघायला. मुलगी छबू. तिची आई लहानपणीच गेली आणि आत्यांनी तिला वाढवलं, त्यामुळे 'हो' म्हणण्याचा अधिकार आत्यांचा होता. आप्पासाहेबांनी मनातल्या मनात होकार केव्हाच देऊन टाकला होता. विज्ञान शिकलेला जावई मिळणार म्हणून ते मोहनरावांना आल्यापासून तिसऱ्यांदा चहा पाजत होते. पण आत्यांच्या हाती फलटणच्या एका वकिलाचं स्थळही होतं.

"मुलगा वाईट नाही," आत्या मोहनरावांच्या देखतच भावाला म्हणाल्या. "पण याच्या शिक्षणाचा घराला उपयोग काय? डॉक्टर असता तर नाडी बघितली असती. वकील असता तर बांधावरून भांडला असता. हा काय करतो? बारामतीच्या शाळेत पोरांना सांगतो, की हवेला वजन असतं. असेल बापडं. पुढे?"

दाराआड कोणीतरी फिस्सकन हसलं. लगेच पोह्यांचं तबक घेऊन छबू बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका गंभीर होता, की हसणारी तीच, याबद्दल मोहनरावांना शंका उरली नाही. त्या क्षणी त्यांचं सगळं ठरलं. हीच मुलगी, नाहीतर कोणीच नाही. आणि माणसाचं एकदा असं ठरलं की त्याच्या तोंडून काहीही निघतं.

"आत्याबाई," मोहनराव म्हणाले, "मी तुम्हाला तांब्याची पिशवी करून देतो."

तांबं म्हणजे चिंच लावून घासलं की शुद्ध. तांब्यावर देवसुद्धा हरकत घेत नाहीत. आत्यांनी पहिल्यांदाच मोहनरावांकडे नीट पाहिलं.

"संक्रांतीच्या आत आणा," त्या म्हणाल्या. "फलटणला काय ते मग कळवू."

बारामतीला परतल्यावर मोहनरावांनी आराखडा काढला. पाठीला बेताचा बाक, कडा गोल, दोन शेर पाणी मावेल एवढी जागा, वरच्या बाजूला आखूड मान आणि तिला आट्यांचं, फिरवून बसणारं पितळी झाकण. हा कागद घेऊन ते सावळाराम तांबटाकडे गेले. सावळारामनं कागद आडवा धरला, उभा धरला, आणि परत दिला.

"मास्तर, भांड्याला पोट असतंय. ह्याला पोटच न्हाय."

"पोट नकोच आहे. ते पाठीखाली घ्यायचं आहे."

"पाठीखाली?" सावळारामनं हातोडी खाली ठेवली. "पाठीखाली भांडं कोन घेतंय? भांडं डोईवर घेत्यात, काखंला घेत्यात."

त्याला पटवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. त्याच्या हाताला आयुष्यभर फुगीर भांड्यांची सवय. पत्रा चपटा ठोकायला घेतला की हातोडी आपसूक पोट काढायची. शेवटी पिशवी झाली, सांधे डाख लावून जोडले, झाकणाच्या आट्याही जमल्या. मग चकतीचा प्रश्न आला. झाकणातून पाणी झिरपू नये म्हणून आत चकती हवी. रबराची चालणार नव्हती, कारण त्यापायीच तर हा सगळा उद्योग. चामड्याची म्हणजे त्याहून वाईट. सावळारामनं शिशाची चकती ठोकून बसवली आणि झाकण असं आवळलं की मोहनरावांना ते दोन्ही हातांनी सुटेना.

"ह्यातनं वाफबी भाईर येनार न्हाय," सावळाराम छाती काढून म्हणाला. "फुटली तर मिशी उतरवीन."

मोहनरावांना त्याचा अभिमान वाटला. वाफ बाहेर येणार नाही, ही त्या वेळी त्यांना खात्रीची गोष्ट वाटली होती. धमकीची नव्हे.

आळीत एव्हाना बातमी पसरली होती. घरमालकीण साखरबाईंनी सुचवलं, की एवढ्या खटाटोपापेक्षा वीट तापवून फडक्यात गुंडाळावी. शेजारचे पोष्टातले तात्या म्हणाले, "पाण्याऐवजी तेल भरा, मास्तर. गरम जास्त वेळ राहील." मग तेलानं अंथरूण खराब होईल, हे त्यांचं त्यांनाच सुचलं, आणि त्यांनी वाळू भरायला सांगितलं. वाळू कशी तापवायची, यावर तात्यांकडे सल्ला नव्हता. पण सल्ला देणाऱ्यानं इतक्या खोलात जावं अशी अपेक्षाही नसते.

मोहनराव मात्र शास्त्रशुद्ध माणूस. त्यांनी पिशवीत ऊन पाणी भरलं, पाटावर ठेवली आणि दार लावून स्वतः तिच्यावर बसले. माणसाचं वजन पडल्यावर पिशवी गळते का, हे पाहणं आवश्यक होतं. पिशवी गळली नाही. पण खिडकीचं दार उघडं राहिलं होतं आणि साखरबाई वाळवण उचलायला अंगणात आल्या होत्या. भाडेकरू मास्तर डोळे मिटून, दात आवळून, गरम पाण्याच्या तांब्याच्या भांड्यावर बसलेला त्यांनी पाहिला. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो अगदीच अशास्त्रीय होता असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी त्यांच्याकडून सुरणाची भाजी आली. दुसऱ्या दिवशी तात्यांकडूनही सुरणाचीच आली, आणि हेडमास्तरांनी मोहनरावांना बाजूला घेऊन अत्यंत हळुवार आवाजात विचारलं, की वर्गात उभं राहून शिकवणं सोईचं पडत असेल, तर खुर्ची काढून घेऊ का. मोहनरावांनी खुलासा करायचा प्रयत्न केला. पण मूळव्याध नाही, हे जितक्या पोटतिडकीनं सांगावं तितकी ती पक्की होत जाते. त्यांनी मुकाट्यानं सुरण खाल्लं.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी ते पिशवी मांडीवर घेऊन इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसले. सणसर गेलं, आणि थोड्याच वेळात मोटारीच्या तोंडातून पांढरी वाफ निघू लागली. ड्रायव्हर झुंबर खाली उतरला, फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. मोहनराव "थांबा, थांबा!" ओरडेपर्यंत पाण्याचा फवारा पुरुषभर उडाला आणि झुंबर रस्त्यावर बसकण मारून शिव्या देऊ लागला. शिव्या मोटारीला होत्या, पण बघत होता तो मोहनरावांकडे.

मोहनरावांना राहवलं नाही. त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून उतारूंना सगळं समजावून सांगितलं. पाणी तापलं की फुगतं. त्याला फुगायला जागा नसली की ते भांड्याला रेटतं. बंद भांड्यात ते शंभर अंशांच्या वर गेलं आणि तोंड उघडलं, की क्षणात त्याची वाफ होते. म्हणून काठोकाठ भरलेलं बंद भांडं कधीही विस्तवावर ठेवू नये.

निमगावचा एक बागाईतदार, गेणबा, वांग्याच्या पाटीवर बसून ऐकत होता. त्यानं मोहनरावांच्या काखेतल्या पिशवीकडे बोट केलं.

"मंग मास्तर, ह्येबी बंदच हाय की."

"हे विस्तवावर ठेवायचं नाहीच. यात तापवलेलं पाणी ओतायचं."

"आन् कुनी ठिवलंच तर?"

"इतका खुळा माणूस कोण असेल?" मोहनराव हसले.

"मान्सांचं काय सांगावं," गेणबा म्हणाला. "माझ्या मेव्हण्यानं कंदील पेटवून विहिरीत सोडला हुता, पानी किती हाय बघाया."

तेवढ्यात झुंबरनं पिशवी मागितली. रेडिएटरात ओतायला कालव्यावरून पाणी आणायचं होतं आणि मोटारीत दुसरं भांडं नव्हतं. पिशवीतून पाणी आलं, उरलेल्यातलं थोडं उतारू पाळीपाळीनं प्याले, आणि एका म्हातारीनं त्यातूनच चूळही भरली. हे आपण रंगूआत्यांना सांगायचं नाही, एवढं मोहनरावांनी ठरवून टाकलं.

इंदापूरच्या जकात नाक्यावर मोटार थांबली. कारकुनानं पिशवी उलटीसुलटी केली.

"हे काय?"

"शेकायची पिशवी."

"पिशवी म्हणजे कापडात येते."

"तांब्याची आहे."

"मग भांडं म्हणा."

"भांडं म्हणा."

"पण भांड्याला झाकण आट्यांचं नसतं. आट्या म्हणजे यंत्र. यंत्राला वेगळा दर." कारकुनाला खरोखरच दुःख झालं होतं. शेजारी अबकारीचा जमादार चहा पीत बसला होता. त्यानं कप ठेवला आणि पिशवीचं तोंड हुंगलं.

"तांबं, वर नळी, गच्च झाकण," तो म्हणाला. "मास्तर, मोहाची की गुळाची?"

"अहो, मी शाळेत शिक्षक आहे!"

"रसायन शिकवता का?"

मोहनराव खोटं बोलत नसत. "तेही शिकवतो," ते म्हणाले, आणि सगळी मोटार त्यांच्याकडे पाहू लागली. शेवटी त्यांनी पिशवीतलं उरलेलं कालव्याचं पाणी सर्वांदेखत पिऊन दाखवलं. काही वेळ थांबून जमादारानं त्यांना सरळ रेषेत चालायला लावलं. ते सरळ चालले. मग आप्पासाहेबांचं नाव निघालं आणि जमादार नरमला. कारकुनानं बराच विचार करून पावती फाडली. तिच्यावर लिहिलं होतं : 'कापड, तांब्याचे. नग एक.'

इतकं सोसून मोहनराव संध्याकाळी आप्पासाहेबांच्या ओसरीवर पोचले. पिशवी पाहून आत्यांनी ती दगडाबाईच्या हाती घासायला दिली नाही. दगडाबाई म्हणजे त्यांच्याकडची कामवाली. आत्यांनी स्वतः चिंच लावून पिशवी घासली, पाण्यातून काढली आणि मग उंबऱ्याच्या आत उभं राहून विचारलं, "आता सांगा, कशी वापरायची?"

मोहनरावांना नेमकेपणाची सवय. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सांगितलं, "पाणी चांगलं गरम पाहिजे. आत हवा अजिबात राहू द्यायची नाही, काठोकाठ भरायची. आणि झाकण अगदी घट्ट बसवायचं."

"गरम पाणी. हवा नाही. काठोकाठ. घट्ट," आत्यांनी घोकल्यासारखं म्हटलं. "कळलं. सकाळी बघते. गुण आला तर आप्पाला उद्याच सांगेन."

मोहनराव त्या रात्री फार सुखानं झोपले.

सकाळी ते ओसरीवर चहा घेत होते. मागे परसात आप्पासाहेब बोटावर राखुंडी घेऊन, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला मोठ्यानं ऐकवत होते, "विज्ञान घरात आलं पाहिजे, साहेब! नुसतं पुस्तकात राहून काय फायदा?" दगडाबाई शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडे निघाली होती. ती वाटेत थबकली.

"मास्तर, तुमची पिशवी ब्येस हाय की. आत्याबाईंनी चुलीवर ठिवलीया."

"पिशवीसाठी पाणी ठेवलं असेल."

"पानी न्हाय वो. पिशवीच."

मोहनराव उठून उभे राहिले. "झाकण लावून?"

"तर! फडकं धरून आवळलं त्यांनी. म्या दारातनं बघितलं न्हवं का."

कप कुठे ठेवला हे मोहनरावांना पुढे कधीच आठवलं नाही. ते माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि जागच्या जागी थिजले. चुलीत बाभळीची लाकडं धडधडत होती. जाळावर पिशवी आडवी पहुडली होती, मान जरा वर करून, एखादं गलेलठ्ठ मांजर उन्हाला पडावं तशी. आत्या सोवळ्यात, चुलीसमोर पाटावर बसून जप करत होत्या.

"आत्याबाई! ती खाली काढा!"

"का?"

"ती बंद आहे!"

"तुम्हीच सांगितलंत, घट्ट बसवा."

"पण पाणी आधी तापवायचं, मग आत ओतायचं!"

"तापवायचं कशात?" आत्यांनी माळ थांबवली. "बंबातलं पाणी दगडाबाईनं तापवलेलं, ते मला चालत नाही. सोवळ्याच्या पातेल्यात वरणाचं आधण आहे. म्हणून पिशवीतच तापवलं. काठोकाठ भरलं, हवा ठेवली नाही, घट्ट लावलं. आता गरम होतंय. यातलं तुम्ही सांगितलेलं काय राहिलं?"

काहीच राहिलं नव्हतं. चारही गोष्टी शब्दशः झाल्या होत्या. फक्त त्यांचा क्रम मोहनरावांनी सांगितला नव्हता. क्रम सांगावा लागतो, हेच त्यांना सुचलं नव्हतं.

"झाकण उघडा... नको! उघडू नका! झाकणाला हात लावू नका! नुसती लाकडं ओढा!"

"आधी तुमचं ठरू दे," आत्या शांतपणे म्हणाल्या आणि माळ पुढे सरकली.

टण्‌, असा आवाज झाला. पिशवीची चपटी बाजू बाहेर आली होती.

"मीच काढतो," मोहनरावांनी पाय उचलला.

"खबरदार! अंघोळ झाली आहे?"

"नाही, पण..."

"मग पाय बाहेर. ओवळ्यानं चुलीपाशी यायचं नाही. विहिरीवर जा, अंघोळ करा, ओलेत्यानं या, आणि मग काय हवं ते काढा."

आणि मोहनराव, सांगायला लाज वाटते, पण खरोखरच दोन पावलं विहिरीकडे गेले. मग त्यांना जाळ दिसला आणि ते परत उंबऱ्यावर आले. टण्‌. दुसरी बाजूही फुगली. त्यांच्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला. थंड पाणी उकळीला येईतो शेकडा चार भागांनी वाढतं. तांबं वाढतं, पण त्यामानानं फारच थोडं. उरलेल्या पाण्यानं जायचं कुठे? भिंती फुगल्या तेवढी जागा झाली. ती संपली की दाब एकदम चढणार. सांधा आधी जाईल की आट्या? आट्या चार. सांधा डाखलेला. मानेचा रोख तिरका, माजघराकडच्या कौलांकडे. म्हणजे पिशवी जाईल मागच्या दाराकडे. सगळं अचूक जुळत होतं. पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं ते एवढंच, की उंबरा ओलांडायचा की नाही.

"जा ना आत!"

मागून आवाज आला. माजघराच्या दारात छबू उभी होती, हातात फुलांची परडी, डोळे विस्फारलेले. मोहनरावांशी ती आजवर एक अक्षर बोलली नव्हती. लग्न न ठरलेल्या मुलीनं बोलायचंही नसतं. तिचं हे पहिलं वाक्य, आणि ते तिनं आळीला ऐकू जाईल इतक्या जोरानं म्हटलं होतं.

मोहनराव आत गेले. उंबरा, सोवळं, फलटणचा वकील, सगळं ओलांडून गेले. त्यांनी आत्यांचं मनगट धरलं आणि पाटावरून उठवून त्यांना माजघरात ओढलं. आत्यांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर साप चढल्यासारखं.

"शिवलात!" त्या म्हणाल्या.

पुढचा शब्द कोणालाच ऐकू आला नाही.

आवाज झाला तो इतका मोठा, की क्षणभर आवाज झाल्याचंच कळलं नाही. झाकण दोन मंगलोरी कौलं फोडून आकाशात गेलं. वाफेचा आणि राखेचा एक ढग माजघरात शिरला, आणि वरणाच्या आधणासह चूल विझली. पिशवी झाकणाच्या बरोबर उलट दिशेला, मागच्या दारातून निघाली, तुळशीच्या डावीकडून, राखुंडी लावत उभ्या असलेल्या आप्पासाहेबांच्या उजवीकडून गेली, आणि नहाणीपुढच्या बंबावर आदळून तिनं बंब आडवा केला. विज्ञान घरात यावं अशी आप्पासाहेबांची इच्छा होती. ते घरातून बाहेर येताना बघण्याची त्यांची तयारी नव्हती. ते बोट तोंडात तसंच ठेवून उभे राहिले. शेजारी कुंपणाआड दिसेनासा झाला होता. गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

कौलांच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा चुलीच्या राखेवर पडला.

माजघरात आत्या आपल्या मनगटाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी चुलीपुढचा पाट पाहिला. पाट उलटा होऊन भिंतीला टेकला होता आणि त्याच्यावर फुटलेलं कौल पडलं होतं. शिवाशिव झाली होती, तेव्हा पुन्हा अंघोळ आली, आणि बंब तर आडवा. भर पौषात, धरलेल्या कंबरेनिशी, त्या विहिरीवरचं गार पाणी घेऊन नहाणीत गेल्या. ओसरीवरच्या मोहनरावांना आतून तांब्यानं पडणारं एकेक पाणी ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या स्वतःच्या अंगावर काटा येत होता.

आप्पासाहेबांना वाचा फुटली ती राखुंडी थुंकल्यावर. "मी तुम्हाला शास्त्रज्ञ समजत होतो, मोहनराव! माझ्या डोक्यावरून गेलं ते! बहिणीचा जीव गेला असता! दुपारच्या मोटारीनं निघा. फलटणला मी आजच कळवतो."

आप्पासाहेबांच्या डोक्यावरून नव्हे, कमरेच्या उंचीवरून गेलं, एवढी एक दुरुस्ती मोहनरावांना सुचली, पण ती त्यांनी गिळली. त्यांनी ओसरीवरची आपली पिशवी उचलली, म्हणजे कपड्यांची, आणि वहाणा शोधू लागले.

"थांबा," आत्या म्हणाल्या.

त्या कोरडं लुगडं नेसून, थंडीनं थरथरत माजघरात येऊन बसल्या होत्या. छबूनं त्यांच्या खांद्यावर धाबळी टाकली.

"फुटणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि ओवळ्यानं मला हात लावल्यावर मी काय करीन, तेही माहीत होतं?"

"हो."

"फलटणचं स्थळ आहे, हेही."

"हो, आत्याबाई."

आत्या मनगट चोळत म्हणाल्या, "मी एकटी पडले तेव्हापासून सगळी माणसं मला लांबूनच नमस्कार करतात. हाताला धरून ओढायचं सुचलं नाही कोणाला." मग त्यांनी भावाकडे पाहिलं. "आप्पा, शिकलेल्या माणसांचं मला हेच आवडत नाही, की ती विचार करत उभी राहतात. हा उभा राहिला नाही."

इथे कुठलाही व्यवहारी माणूस मान खाली घालून बसला असता. पण मोहनरावांचा नेमकेपणा ऐन वेळी उसळला.

"खरं म्हणजे, आत्याबाई, मी उभा राहिलो होतो," ते म्हणाले. "बराच वेळ. आधी विहिरीकडे निघालो, मग उंबऱ्यावर थांबून हिशेब करत होतो. यांनी ओरडून सांगितलं तेव्हा आत गेलो."

आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. छबू लाल होऊन भिंतीला खेटली.

"कोणी सांगितलं?" आत्यांचा आवाज खाली आला. "छबे, तू बोललीस याच्याशी?"

छबू धाबळीच्या टोकाशी चाळा करू लागली. "बोलले."

"काय बोललीस?"

"'जा ना आत' म्हणाले."

"ओरडून?"

"ओरडून."

माजघरात पुन्हा स्फोट होणार अशी सगळ्यांची खात्री झाली. दगडाबाई तर दोन पावलं मागेही सरली. आत्यांनी छबूकडे पाहिलं, मग मोहनरावांकडे, आणि मग बराच वेळ आपल्या मनगटाकडे.

"मी नको म्हणत होते," त्या हळूहळू म्हणाल्या, "अंघोळ कर म्हणत होते, पाय बाहेर ठेव म्हणत होते. ते सगळं याला ऐकू येत होतं. तरी हिनं एकदा सांगितलं आणि हा गेला."

"हो," मोहनराव म्हणाले.

"विचारलं नाहीत तिला, का म्हणून?"

"नाही."

आत्यांनी धाबळी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. "आप्पा," त्या म्हणाल्या, "माघातला मुहूर्त बघ."

आप्पासाहेबांचं तोंड उघडलं ते मिटेना. "अगं अक्का, पण वर बघ जरा! ऐन थंडीत ही कौलं कोण बसवणार?"

"जावई बसवील," आत्या म्हणाल्या.

कोण जावई आले ते बघायला मोहनरावांनी दचकून मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.